टेलिफोनची पट्टी

"बरी हाय म्हणती तुझी आई," पोस्टमास्तर आण्णाप्पांनी सांगितलं आणि पचकन पान थुंकले.

बेळगावच्या ट्रंक एक्स्चेंजमधल्या विश्रांतीच्या खोलीत बेबीनं रिसीव्हर कानाशी घट्ट दाबला. मास्तरांच्या आवाजामागून, खिडकीबाहेरून, आईचा बारीक आवाज येत होता. शब्द कळत नव्हते. पण आई चांगलं लांबलचक बोलत होती आणि मास्तरांच्या तोंडून त्यातले चार शब्द बाहेर पडले होते.

"मास्तर, आणखी काय म्हणती ती?"

"आणखी काय म्हणणार? बिड्या वळती, खाती, झोपती. काळजी करू नको म्हणती. ठेवू?"

ठेवलाच त्यांनी. बेबीनं कान पदरानं पुसला. दुसऱ्यानं चघळलेला घास तोंडात यावा तशी तिला किळस आली.

निपाणीपासून आठ मैलांवरच्या तिच्या गावात फोन येऊन तीन वर्षं झाली होती. एवढ्याशा गावाला फोन परवडत नाही, तोटा येतो, असं टेलिफोन खात्याचं म्हणणं होतं. तोटा गाव भरून देईल अशी हमी दिली तेव्हा कुठं तारा ओढल्या गेल्या. मग पंचायतीत ठरलं की येणारा असो वा जाणारा, दर कॉलमागं चार आणे जादा द्यायचे. त्याला नाव पडलं टेलिफोनची पट्टी. आता गावात फोनवर बोलणारं होतं कोण? वरच्या आळीतली पोरं तंबाखूच्या वखारी सोडून कुठं गेली नव्हती. बौद्धवाड्यातली मात्र शिकून बेळगावला, पुण्याला नोकरीला लागली होती आणि रविवारी पोस्टापुढं रांग लागायची ती त्यांच्या आयांची. म्हणजे गावाचा फोन जगत होता तो या बायांच्या चार आण्यांवर.

आणि तोच फोन त्यांना हातात मिळत नव्हता! पोस्ट होतं मास्तरांच्या घरातच, देवघराला लागून. आयांनी खिडकीच्या फळीवर पट्टी ठेवायची आणि बाहेरूनच काय ते सांगायचं. मास्तर ते फोनात बोलणार. पट्टी मात्र ते बिनदिक्कत उचलून डब्यात टाकायचे. पैशाला कसला आलाय विटाळ? पत्रंही तेच लिहून द्यायचे आणि आलेली तेच वाचून दाखवायचे. बेबीनं एकदा वरती अर्ज लिहिला होता. तो आईनंच फाडायला लावला. "फोनच काढून नेला तर काय करशील? हाय त्ये बी जाईल," ती म्हणाली होती.

पुढच्या रविवारी खिडकीबाहेरचा आवाज तुटक झाला. त्याच्या पुढच्या रविवारी दोनच शब्द. दिवाळी झाली. बेबीची नोकरी नवी, वर्ष भरल्याशिवाय रजेचं नावही काढायची सोय नव्हती. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी मास्तर म्हणाले, "बरी हाय," आणि त्यांच्या मागं कुणाचाच आवाज आला नाही.

"ती तिथं आहे का पण?" बेबीनं विचारलं.

"हाय की. बसलीया कट्ट्याला टेकून."

आई आणि टेकून? तंबाखूचं सूप मांडीवर घेऊन दहा-दहा तास ताठ बसणारी ती बाई. बेबीनं रिसीव्हर ठेवला. ती तशीच उठून बोर्डाकडं गेली. तिथं वसुधा कॉर्ड खुपसत होती. टिळकवाडीतली, वकिलाची मुलगी; दोघी एकाच तुकडीत लागलेल्या.

"वसुधा, माझ्या गावाला पी. पी. कॉल लाव. नाव, बायडाबाई."

पी. पी. म्हणजे ज्याच्या नावानं कॉल, त्यानं स्वतःच बोलायचं. त्याचे पैसे जादा. वसुधानं तिच्याकडं पाहिलं.

"आईला फोन करायला पी. पी.? एवढे पैसे?"

"आजवर आईशी बोललेच नाहीये मी. त्या माणसाशी बोलतेय."

वसुधानं कॉल नोंदवला. वीस मिनिटांनी लाईन लागली. बेबीनं शेजारचा हेडफोन कानावर चढवला आणि वसुधानं आपला कामाचा, कोरडा आवाज लावला.

"पी. पी. कॉल आहे. बायडाबाई स्वतः पाहिजेत. दुसऱ्यानं बोललेलं चालणार नाही. आणि बोलणं होईपर्यंत खोली मोकळी करा."

"अहो बाई, ती आत कशी... आमच्यात सोवळं..."

"कॉल नाकारला अशी नोंद करू?"

रिसीव्हर खाली ठेवल्याची खडखड झाली. मग मास्तरांचा आवाज दुरून आला. "बायडे, ये आत. पोत्यावर उभी ऱ्हा. भिंतीला टेकू नगंस."

बेबीनं दात आवळले. शी! असल्या माणसाला ती आजवर 'मास्तर, मास्तर' करत होती.

"हालू?" अगदी कानात, श्वासासकट, आईचा आवाज आला. "ह्यात कुठनं बोलायचं गं?"

"आई, तिथंच. ते गेले ना बाहेर?"

"गेलं. कवाड बी लावलं."

"मग सांग. काय होतंय तुला? खरं सांग."

 आई म्हणाली, "काय होतंय म्हंजे? सांगितलं की तुला. दिवाळीच्या आदी."

"काय सांगितलंस?"

"आता परत सगळं सांगू व्हय? अंगावरनं जातंय म्हनून. थांबंना झालंय. मास्तरांपुढं बोलायचं म्हंजे लाज वाटत हुती, पर दुसरं कोन हाय? लाज गिळून समदं सांगितलं. त्येंनी मान हलिवली, म्हनलं, सांगितलं बघ बेबीला."

 असली घाण आपल्या तोंडातून नको, म्हणून मास्तरांच्या सोवळ्या तोंडानं ते गिळलं होतं. वर 'बरी हाय' म्हणून चार आणे घेतले होते.

"मग तू आली न्हाईस," आई हळू आवाजात बोलत राहिली. "म्हनलं, लेक शिकलीया, नवी नोकरी. साहेब रजा देत नसंल. परत काढलं न्हाय मी. कशाला तुला पेचात घालायचं?"

"आई..." बेबी म्हणाली. "आई, मला कुणी सांगितलंच नाही. एक अक्षर नाही. तू बरी आहेस एवढंच दर रविवारी. उद्या पहिल्या गाडीनं येते. रजा देवोत न देवोत. तुला इथं दवाखान्यात आणते."

 कॉलची ठरलेली तीन मिनिटं केव्हाच होऊन गेली होती, पण वसुधा मध्ये बोलली नाही.

"आई? ऐकतीयेस ना?"

"म्हंजे तुला ठावंच न्हवतं?" आईनं विचारलं.

"नव्हतं गं."

"खरं?"

"तुझ्या गळ्याची शपथ."

आणि आई हसली. दोन महिने रक्त जात असलेली ती बाई पोत्यावर उभी राहून अशी मोकळी हसली, की बेबीला ती आधी रडतेय असंच वाटलं.

"आगं बया! ठावंच न्हवतं माझ्या लेकीला," ती म्हणाली. "मग काय न्हाय. आता मी बरी हाय."