गूळभेंडीचं शेवटचं पान

मी एक जुनी प्रेमकथा आहे, मित्रांनो, आणि माझं शेवटचं पान हुरड्याच्या आगटीत जळून गेलं.

हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. आगटी नव्हती, पान नव्हतं, कुणी किंचाळलंही नाही. माझी तब्येत उत्तम आहे. आता नीट सुरुवात करते.

माझा जन्म पुण्यातल्या एका छापखान्यात झाला. माझ्यात ऋतुराज आणि आरोही आहेत. ते हुरडा पार्टीत भेटतात, भांडतात आणि मग पुस्तकभर एकमेकांना चुकीचे मेसेज पाठवतात. थंडीत पांघरूण घेऊन हसत वाचावं, असं सगळं. पण लेखिकेनं माझं नाव ठेवलं ‘गूळभेंडी’. तिथंच घात झाला. पुण्याच्या दुकानदाराला वाटलं, भेंडीची गोड भाजी. त्यानं मला पाककृतींत ठेवलं.

मग मी सोलापूरच्या एका वाचनालयात आले. इथली माणसं जाणती. गूळभेंडी म्हणजे हुरड्याची ज्वारी, हे इथं शाळेतल्या पोरांनाही ठाऊक. म्हणूनच ग्रंथपाल राजश्रीबाईंनी मला न उघडता शेती विभागात उभं केलं. एका बाजूला शेळीपालन, दुसऱ्या बाजूला गांडूळ खत. शेतकरी मला बघून हसायचे. “गूळभेंडी आन् पुस्तकात? उद्या भाकरी थापायचं बी पुस्तक काढतील!”

मित्रांनो, आम्हा पुस्तकांना स्वतःचं स्वतःला वाचता येत नाही. कुणी मोठ्यानं वाचलं तरच आपल्या पोटात काय आहे ते कळतं. त्यामुळे बरीच वर्षं मीही स्वतःला ज्वारीविषयकच समजत होते.

यंदा फर्मान निघालं. ज्या पुस्तकाला थंडी संपेपर्यंत वाचक मिळणार नाही, ते रद्दीत. राजश्रीबाईंना माझी दया आली. त्यांनी मला दाराशीच टेबलावर ठेवलं आणि वर पाटी लावली, ‘थंडीत काय वाचाल?’ तेवढ्यात टेंभुर्णीचे हिंदुराव आले. त्यांच्या शेतात गूळभेंडी उभी होती.

“काका, हे न्याच. थंडीत वाचावं तर हे. अगदी तुमच्या कामाचं.”

इतकी अचूक शिफारस इतक्या चुकीच्या कारणासाठी कुणी केली नसेल.

हिंदुराव शेतात आगटीपाशी बसून मोठ्यानं वाचू लागले. त्यांची बायको बजाबाई भाजलेली कणसं चोळत होती.

“‘तिला पाहताच त्याचे पाय लटपटले, कपाळावर घाम आला...’”

“मुळं कुजली व्हय?” बजाबाईंनी विचारलं.

“मावा पडला आसंल. म्होरं फवारा दिला आसंल.”

पुढे फवारा नव्हता. पुढे ऋतुराजनं आरोहीचा हात धरला.

कणसं चोळायची थांबली. मी तर हादरलेच. इतकी वर्षं शेळ्यांशेजारी सभ्यपणे उभी राहिले आणि पोटात हे! हिंदुरावांनी मला खाडकन मिटलं.

“ह्ये शेतीचं न्हाय.”

“ते कळालं मला. हात धरला, आन् मग?”

“अगं, आपलं वय काय...”

“वय माझं हाय. हात त्येनं धरलाय. तुमी वाचा की!”

त्यानंतर रोज वाचन झाल्याशिवाय हिंदुरावांना चहा मिळेना. ऋतुराज मनातलं बोलायला घाबरायचा, म्हणून बजाबाई त्याला ‘मुका’ म्हणायच्या. “तुमी तरी काय येगळे? मला बघाया आला, तवा सगळं म्हशीकडं बघून बोलला!”

“म्हस बुजली हुती,” हिंदुराव म्हणाले.

“म्हस न्हाय, तुमी बुजला हुता.”

अशा रीतीनं आम्ही शेवटाला आलो. आरोही बॅग घेऊन एसटी स्टँडवर उभी. ऋतुराज धावत आला. त्यानं एकदाचं तोंड उघडलं. हिंदुरावांनी पान उलटलं. माझी शिलाई मुळातच कच्ची, त्यात वारा सुटला, आणि मग, मित्रांनो, जे झालंच नव्हतं ते झालं.

“अवो, लगीन ऱ्हायलं!” बजाबाई किंचाळल्या.

हिंदुरावांनी आगटीत हात घातला. हाती आलं एक कणीस. छान भाजलं होतं, पण त्यावर काही लिहिलेलं नव्हतं. माझ्या पोटातला शेवट मला स्वतःला कळायच्या आत राख झाला.

दोघं मला घेऊन वाचनालयात आले. राजश्रीबाईंनी मला पहिल्यांदा उघडलं. चाळलं. पुन्हा चाळलं. “अगंबाई, ही कादंबरी आहे?” त्या खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, “पण शेवटचं पान नाही. अपूर्ण पुस्तक रद्दीत काढावं लागतं, मावशी.”

“रद्दीत? पोरगी ष्टँडवर उभी हाय अजून! म्या सांगते शेवट, लिवून घ्या.”

राजश्रीबाईंनी लिहून घेतलं. मुका बोलला. आरोही हसली. लग्न झालं. शेंगाची चटणी, कडक भाकरी, बुंदी, सगळं झालं. चुकीचे मेसेज जातात म्हणून सासूनं दोघांचेही मोबाईल काढून घेतले. लिहिता लिहिता राजश्रीबाई हसत होत्या. मधेच थांबल्या.

“मावशी, पण तपासणीवाले पुरावा मागतील. लग्न झालं हे कशावरून?”

“कशावरून? म्या जेवून आली न्हवं!”

तो पुरावा धरता येत नाही, असं समजलं. म्हणून लग्नाचा दाखला येईपर्यंत मला रद्दीच्या ढिगाऐवजी ढिगाशेजारी ठेवलं आहे.

मित्रांनो, थंडीत पुस्तक जरूर वाचा, हसवणारं तर नक्कीच. आधी उघडून बघा आणि मग आगटीपासून हातभर लांब धरा. आत कुणाचं तरी लग्न ठरत असतं.

आणि मा. विवाह निबंधक यांस सविनय विनंती, की चि. ऋतुराज व चि. सौ. कां. आरोही यांच्या विवाहाची नोंद करून दाखला माझ्या नावे देण्यात यावा. वधू-वर छापील असल्याने आधार कार्ड जोडता येत नाही. वधू अद्याप एसटी स्टँडवर उभी असून थंडी वाढत आहे, तरी सदर प्रकरण तातडीचे समजावे.