ही जागा धरलीय

आधी शाळेत कोंडलेलं आणि आता स्वयंपाकघरात अडकलेलं, असं मी एक लांबलचक टेबल आहे, मित्रांनो. जुनं म्हणालात तरी मला राग नाही. मॅपलच्या जाड फळ्यांचं माझं अंग. अमेरिकेत, आयोवातल्या ज्या सुताराने मला घडवलं, तो शेवटचा रंधा मारून म्हणाला होता, "हे काही जन्मात मोडत नाही." त्याने शाप दिला की आशीर्वाद, ते मला अजून कळलेलं नाही.

माझी उमेदीची वर्षं गावच्या शाळेत गेली, जेवणाच्या हॉलमध्ये. दुपार झाली की पोरं धाडधाड येऊन बसायची, दूध सांडायची, चघळून झालेलं च्युइंगगम माझ्या पोटाला चिकटवायची. मला त्याचं काही वाटलं नाही, उलट बरंच वाटायचं. एकच गोष्ट खुपायची. पोरं बाकावर हात आडवा टाकून म्हणायची, "ही जागा धरलीय." ज्याच्यासाठी धरलीय तो पुष्कळदा यायचाच नाही. ताट घेऊन उभं असलेलं पोर मात्र मुकाट पुढे जायचं. मला वाईट वाटायचं, पण लाकडाने बोलायचं कुणाशी?

पुढे शाळेने घडीची प्लास्टिकची टेबलं आणली आणि मला लिलावात काढलं. मला घेतलं मार्लिसने. ती तिथलीच वाढपी. सगळा जन्म तिने त्या हॉलमध्ये डावाने बटाटे वाढले होते. तिच्या घरात मला आणायला मागचं दार बिजागऱ्यांसकट काढावं लागलं. नंतर तिच्या मुलाने, रॉइसने, त्या दाराशी भिंतभर कपाटं ठोकली आणि माझी बाहेरची वाट बंद झाली. आता मला इथून हलवायचं तर करवतच आणावी लागेल.

ह्या घरात मार्लिस, रॉइस, त्याची बायको केंड्रा आणि त्यांचा आठ वर्षांचा एमेट, अशी चार माणसं. रॉइस गावाबाहेर मक्याच्या कोठारावर कामाला. केंड्रा दातांच्या डॉक्टरकडे फोन घेते आणि पेशंटना वेळा देते.

एमेटचं पोट रोज सकाळी दुखायचं. डॉक्टरांनी तपासलं, काही सापडलं नाही. कोपऱ्यावर शाळेच्या पिवळ्या बसचा आवाज आला की तो माझ्याखाली शिरायचा आणि माझ्या पायाला मिठी मारायचा. मग रॉइस गुडघ्यांवर बसून त्याचं एकेक बोट सोडवायचा.

"चल राजा, बस थांबलीय."

"पोट दुखतंय, बाबा."

"शनिवारी बरं दुखत नाही रे?"

शेवटी एमेट डबा उचलून बसमध्ये चढायचा. बस जायची, रॉइस कामावर जायचा, आणि केंड्रा माझ्यावर कोपरं टेकून, तोंड झाकून बसायची.

संध्याकाळची गोष्ट फक्त मला ठाऊक होती. बस त्याला सोडायची तेव्हा आजी टीव्हीसमोर डुलक्या काढत असायची. एमेट डबा घेऊन तडक माझ्याखाली. डबा भरलेलाच! ओलं झालेलं पीनट बटरचं सँडविच, काळ्या पडलेल्या सफरचंदाच्या फोडी. दिवसभराचं भुकेलं पोर ते दोन्ही हातांनी खायचं. मग रिकामा डबा सिंकमध्ये. केंड्रा घरी आली की खूश व्हायची, "बाकी काही असो, जेवतो तरी नीट."

एकदा तो तिथे बसून स्वतःशीच पुटपुटला, "आज पण सगळ्या जागा धरलेल्या होत्या." मी आतून पार हललो. मला सगळं कळत होतं आणि मला तोंड नव्हतं. मित्रांनो, अडकणं म्हणजे काय ते कपाटांनी वाट अडवली तेव्हा मला कळलं नव्हतं, ते त्या दिवशी कळलं.

रात्रीची जेवणं उरकली की माझ्याभोवती वाद सुरू व्हायचा.

"मी त्याला शाळेतून काढणार," केंड्रा म्हणायची. "घरी शिकवीन. ह्याच टेबलावर."

"आणि तुझी नोकरी?" रॉइस.

"सोडीन."

"अगं, पोरगं घरकोंबडं होईल!"

"आणि रोज सकाळी त्याची बोटं सोडवतोस, ते बरं वाटतं का तुला?"

"आमची शाळा काही वाईट नाही हं," मार्लिस मध्येच म्हणायची. "हा रॉइस तिथेच शिकला."

"म्हणूनच काळजी वाटते मला."

"ऐकलंस का रे बायकोचं?" मार्लिस हसायची. रॉइसला हसू यायचं नाही.

गणित झालं, वाचन झालं, वर्गातली गर्दी झाली, बाईंचा स्वभाव झाला. सगळ्याचा कीस काढला त्यांनी. दुपारच्या जेवणाचं नाव कुणी काढलं नाही. मी आतल्या आत ओरडत होतो की अरे, त्याला विचारा, तो कुठे जेवतो ते विचारा! आणि खरं सांगतो, मला भीतीही वाटायची. मी इथे अडकलोय ते पुरे नाही का? आता हे पोरगंही दिवसभर इथेच?

मग बर्फाचं वादळ आलं. शाळा बंद, रस्ते बंद, रॉइसची गाडी चाकांपर्यंत बर्फात. केंड्राला आयतीच संधी मिळाली. तिने माझ्यावर पुस्तकं मांडली, पिठाच्या वाट्या मांडून अपूर्णांक शिकवले. आणि काय सांगू, पोरगं खुललं! पटापट उत्तरं देत होतं. पोटाची तक्रार नाही, रडणं नाही.

"बघितलंस?" केंड्रा नवऱ्याला म्हणाली. तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा दिसत होता. "त्याला शिकायला आवडतं. शाळाच नकोय."

रॉइसने हात टेकले. "कर बाई तुझ्या मनासारखं. रस्ते उघडले की शाळेला कळवून टाक."

म्हणजे ठरलंच. त्या दुपारी केंड्राने टोमॅटोचं सूप केलं, चीज घालून सँडविचं भाजली. तिघं बसली. एमेट हात धुऊन आला, ताट घेतलं आणि उभाच राहिला. त्याच्या खुर्चीवर केंड्राची पुस्तकं होती.

"ही जागा धरलीय का?" त्याने हळूच विचारलं.

मार्लिसला हसू फुटलं. "मग! राष्ट्राध्यक्ष येणारेत ना जेवायला."

एमेट हसला नाही. त्याने मान डोलावली, ताट सावरत वाकला आणि माझ्याखाली जाऊन जेवायला लागला. मार्लिसचं हसू ओठांवरच थांबलं.

केंड्रा खाली वाकली. "अरे सोन्या, इथे काय? पुस्तकं उचलून ठेवायची ना बाजूला."

"धरलेल्या जागेवरचं उचलायचं नसतं. मग ढकलतात."

"कोण ढकलतं?"

एमेटने सँडविचचा घास गिळला.

"शाळेत तू कुठे बसतोस जेवायला?"

"बसत नाही. कचऱ्याच्या डब्यापाशी उभा राहतो, बेल होईपर्यंत."

"आणि डबा?"

"तो इथे खातो. घरी आल्यावर."

सूप निवत होतं. जन्मभर पोरांना वाढलेल्या मार्लिसने डोळ्यांना नॅपकिन लावला. रॉइस, एवढा आडदांड माणूस, जमिनीवर पालथा पडून माझ्याखाली डोकावला.

"आता शाळा कायमची बंद," तो म्हणाला. "पाय ठेवायचा नाही तिथे. घरीच राहा, राजा. आईजवळ."

आता सगळे एकमताचे झाले, असं मला वाटलं. पण एमेट घाबरून म्हणाला, "रोज? मग माझ्याबरोबर जेवायला कोण?"

"अरे, आई आहे ना."

"आई मुलगा नाहीये, बाबा."

केंड्राने हे ऐकलं आणि ती फरशीवरच बसली. किती महिने तिने ह्या एका गोष्टीसाठी भांडण मांडलं होतं. आता ती जिंकली होती आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तुला काय हवंय, एमेट?" तिने विचारलं. इतक्या वादांत हे पहिल्यांदाच कुणी विचारत होतं.

"कुणीतरी सरकायला हवंय," तो म्हणाला. "थोडंसंच."

रस्ते उघडले. शाळेला काही कळवलं नाही. शाळा सोडायची की नाही ते उन्हाळ्यात बघू, असं केंड्रा म्हणाली. तोवर दुपारच्या सुट्टीत एक दिवस ती, एक दिवस आजी, शाळेत त्याच्याशेजारी जेवायला जाणार होती. रॉइस त्याच्या बाईंशी बोलणार होता.

त्या सकाळी तो आनंदाने बसमध्ये चढला, असं सांगायला मला आवडलं असतं. नाही चढला. बस आली आणि तो माझ्याखाली शिरला. पण त्याची बोटं कुणी सोडवली नाहीत. केंड्रा कामाचे कपडे घालून तशीच माझ्याखाली शिरली.

"सरक जरा," ती म्हणाली.

तो सरकला. बस निघून गेली. दोघं बराच वेळ तिथे बसली होती, मग ती त्याला स्वतःच गाडीतून घेऊन गेली. दुपारी शाळेत काय झालं ते मला माहीत नाही. ते बघायला मला जाता येत नाही.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, पॉलिश करा, असं म्हणायचं माझं वय गेलं. एवढंच सांगतो. जेवताना मान वर करून बघत जा. कुणीतरी डबा घेऊन उभं असेल. मी नुसतं लाकूड, मला सरकता येत नाही. तुम्हाला येतं.