टेबलाला बांधलेली भिंगरी

दिवेलागण झाली, की त्या घरात मुलीचा पाय ओढणीने टेबलाच्या पायाला बांधला जाई. गाठ आई मारायची. शिवणकाम करणाऱ्या बाईची गाठ ती, सहजासहजी सुटायची नाही. घरात कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. शेजारणीसुद्धा कौतुकाने म्हणत, "मुलीला वळण लावावं तर असं."

मुलीला सगळे भिंगरी म्हणत, कारण तिचं बूड एका जागी टेकायचंच नाही. वडील छापखान्यात मुद्रितं तपासत, दिवसभर मान खाली आणि तोंडाला कुलूप. ते स्वतः मुकाट बसून शिकले होते, म्हणून साऱ्या जगाने तसंच शिकावं हा त्यांचा कायदा. भिंगरीला बांधून घातलं, की ती तासन्‌तास एकाच पानाकडे बघत राही आणि परीक्षेत आपटे. विज्ञानात ती नापास झाली होती. उद्या फेरपरीक्षा. यातही आपटली, तर शाळा बंद आणि आत्याने आणलेलं स्थळ पक्कं, असं वडिलांनी बजावलं होतं. शाळकरी पोरीचं लग्न लावायला निघालेला हा माणूस स्वतःला शिस्तप्रिय म्हणवत असे.

त्या दुपारी आईचं मशीनवर चित्त लागेना. दोरा सारखा तुटत होता. मागच्या गॅलरीत भिंगरी कपडे वाळत घालता घालता कुणाशी तरी तावातावाने बोलत होती. आई दाराआड जाऊन उभी राहिली.

"मी म्हणजे रक्त," भिंगरी ओल्या चादरीला सांगत होती. "दमूनभागून हृदयाच्या उजव्या बाजूला आले." ती बादलीपाशी थांबली. "इथून फुप्फुसात. हवा घ्यायची." कठड्याशी जाऊन तिने श्वास घेतला आणि वळली. "आता डावीकडे, आणि तिथून अंगभर."

"परत उजवीकडेच का यायचं?" आईने विचारलं.

"हवा संपली ना माझी. ती नवी घ्यायला."

कधीकाळी शाळेत हे शिकूनही न उमगलेलं आईला आज उमगलं. "अगं, मग टेबलाशी तुझी दातखीळ का बसते?"

"तिथे बोलायचं नसतं. आणि पाय बांधला, की मला पुढचं आठवतच नाही."

आईने तिच्या पायाकडे पाहिलं. ती गाठ रोज तिनेच मारली होती, आणि तीही पोरीच्या भल्यासाठी.

संध्याकाळी वडील आले. "बांधलीस का तिला?"

"नाही. यापुढे बांधणारही नाही."

"उद्या परीक्षा आहे. डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"तुम्हाला बसून येतं, तिला चालून-बोलून येतं. खोटं वाटत असेल, तर विचारून बघा."

"आणि आपटली तर?"

"तर पुन्हा देईल. शाळा सुटणार नाही. वन्संना मी कळवून टाकलंय, आमची मुलगी लग्नाची नाही."

वडील मटकन टेबलाशी बसले. भिंगरी दारापासून मोरीपर्यंत फेऱ्या मारत रक्ताचा प्रवास सांगू लागली. त्या आवाजाने त्यांचा जीव कासावीस झाला, ते उठू लागले.

"बसा," बायको म्हणाली. "मुकाट ऐका."

ते बसले. बायकोने कात्री घेतली, ओढणीची फडकी केली आणि मशीन पुसायला घेतली.

भिंगरी पास झाली का, असं तुम्ही विचाराल. त्याआधी जरा आपल्या घरच्या टेबलाखाली वाकून बघा.