आर्व्हिड दीपगृहापाशी नव्हता

आर्व्हिडच्या मुलीचं, इंगाचं पत्र मार्चमध्ये आलं. मी ते दोनदा वाचलं आणि शब्दकोशाखाली ठेवून दिलं. पत्राला उत्तर न देणं माझ्या स्वभावात नाही. गावच्या वाचनालयात जन्म काढला, तिथे कोणी चौकशीचं कार्ड टाकलं तरी मी उलट टपाली उत्तर पाठवायचो. या पत्रापुढे मात्र पेन उघडायचो आणि बंद करायचो.

"वेंडेलकाका," तिनं लिहिलं होतं, "बाबांबरोबर पाण्यावर सगळ्यांत जास्त तुम्ही होतात. खरं सांगा, त्यांचं डोकं ठिकाणावर होतं ना? वायरलेसवर त्यांनी तुम्हाला दीपगृहापाशी आहे म्हणून सांगितलं, आणि सापडले ते खाडीच्या दुसऱ्या टोकाला, खडीच्या कड्याखाली. आपण कुठे आहोत हेच त्यांना कळत नव्हतं का? गेल्या वर्षी मी बोटीची किल्ली काढून घेणार होते. त्यांचं तोंड बघून राहू दिली. घेतली असती तर?"

उत्तर मला ठाऊक होतं. धक्क्यावरच्या कोणालाही ते देता आलं असतं.

इथे हिवाळ्यात मिळतो त्या सॅमन माशाला आम्ही काळतोंड्या म्हणतो. मिळतो म्हणायचं एवढंच. तळालगत गळ ओढत बोट पायी चालण्याच्या वेगानं फिरवत राहायची. बोटं बधिर होतात, थर्मासमधली कॉफी संपते, काठीचं टोक हलत नाही. असे आठवडेच्या आठवडे जातात. मग एखाद्याला मासा सापडतो आणि त्याची वाचा बसते. तो बायकोलाही जागा सांगत नाही, कारण बायकोला भाऊ असतो.

धक्क्यावर मर्लचं दुकान आहे, आमिषाचं आणि डिझेलचं. परत आलेल्या प्रत्येकाला तो हटकणार. वाचनालयामुळे मी त्याचा प्रोफेसर.

"काय प्रोफेसर, लागलं का काही?"

"थंडी लागली."

"कुठे होतास?"

"होतो असाच, जरा इकडे, जरा तिकडे."

"वा! नकाशाच काढून दिलास की."

आर्व्हिड टोलेफसेन फेरीबोटीवर खलाशी होता. त्याला खोटं बोलायचाही कंटाळा. बाकीचे रोज नवी जागा रचून सांगायचे, हा वर्षानुवर्षं एकच सांगे: दीपगृहापाशी. तिथे तो कधीही नसे. मर्ल त्याला म्हणायचा, "अरे, दीपगृहवाल्यांनी आता तुझ्याकडून भाडं घ्यायला पाहिजे." आर्व्हिड पाइप दुसऱ्या गालात सरकवायचा, बस.

कड्याखालची जागा त्यानं मला एकदा दाखवली होती. मला का दाखवली, मला अजून कळलेलं नाही. मी फार बोलत नाही म्हणून असेल.

जानेवारीतल्या त्या दुपारी मी माझ्या बोटीत होतो आणि रिकाम्या हातानं परत निघालो होतो. पाणी शांत होतं. वायरलेसवर त्याचा आवाज आला.

"वेंडेल, इंजिन बसलंय. ओढायला दोर आहे का तुझ्याकडे?"

"आहे. कुठे आहेस?"

तो जरा थांबला. त्या वाहिनीवर सगळ्याच बोटी कान लावून असतात, आणि त्या हिवाळ्यात तर माशांपेक्षा कानच जास्त होते.

"दीपगृहापाशी," तो म्हणाला.

"खरंच दीपगृहापाशी?" असं विचारायला हवं होतं. पण सगळ्यांच्या देखत त्याला खोटारडा ठरवल्यासारखं झालं असतं. शिवाय मी विचार केला, माझी तीच खोड आहे, की इंजिन बंद पडलेला माणूस खोटं कशाला बोलेल? मी दीपगृहाकडे वळलो. त्यानं विचार केला असणार की वेंडेलला कळेल.

दीपगृहापाशी कोणी नव्हतं. वायरलेसवर हाका मारल्या, उत्तर नाही. त्याच्या वायरलेसची बॅटरी जुनी होती. ओहोटीनं वाहत गेला असेल असं धरून मी बाहेरच्या अंगाला शोधत राहिलो. तोवर आग्नेयेचा वारा सुटला. मी तटरक्षक दलाला कळवलं, आणि आर्व्हिडनं सांगितलेली जागाच त्यांना सांगितली. मी सांगितलं तिथे त्यांनी शोधलं. कड्याचं नाव माझ्या तोंडून निघालं तेव्हा अंधार पडला होता आणि लाटा बोटीवरून जात होत्या.

सकाळी तो कड्याखाली सापडला. बोट पाण्यानं भरून दगडांत रुतली होती. तो पोहत, सरपटत भरतीच्या रेषेच्या वर आला होता आणि कड्याला टेकून बसला होता. थंडीनं त्याला तिथेच संपवलं. बोटीतल्या पेटीत ओल्या पोत्याखाली एक काळतोंड्या होता. त्या हिवाळ्यात इतका मोठा मासा कोणी पाहिला नव्हता.

त्याला पुरायच्या आधीच कड्याखाली बोटींची जत्रा जमली होती.

हे सगळं इंगाला कसं लिहायचं? तुझा बाप खोटं बोलला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी ते खरं मानलं? त्याला विसर पडत होता असं लिहिलं असतं तर आम्ही सगळेच सुटलो असतो, एकटी इंगा सोडून. मी काहीच लिहिलं नाही. उन्हाळा गेला.

नोव्हेंबरात मर्लनं मला दुकानात बोलावून घेतलं.

"इंगा आली होती. धक्क्यावर फलक लावणार म्हणते."

"कसला?"

"वर आर्व्हिडचं नाव. खाली, घरातल्या म्हाताऱ्याला विसर पडू लागला तर बोटीची किल्ली वेळेवर काढून घ्या." मर्ल चिंधीनं हात पुसत राहिला. "आर्व्हिड! भरती-ओहोटीचं अख्खं कोष्टक पाठ होतं त्या गाढवाला. हा फलक त्यानं शेगडीत घातला असता."

"मग तू बोलला नाहीस?"

"मी काय बोलू? पत्र तुला आलंय. ती मला विचारत होती, वेंडेलकाका माझ्यावर रागावलेत का. किल्ली घेतली नाही म्हणून."

मी दाराकडे वळलो.

"बस जरा," मर्ल म्हणाला. "पांढरा पडलायस."

"नको. घरी जातो."

घरी जाऊन लिहायला बसलो. तीन कागद फाडले. चौथा असा झाला:

"इंगा, मी तुझ्यावर रागावलेलो नाही. उत्तराला उशीर झाला तो माझ्या भित्रेपणामुळे. तुझ्या बाबांचं डोकं माझ्यापेक्षा ठिकाणावर होतं. आपण कड्याखाली आहोत हे त्यांना पक्कं माहीत होतं. तिथे मासा होता आणि ऐकणारे पुष्कळ होते, म्हणून त्यांनी दीपगृहाचं नाव घेतलं. नेहमी तेच बोलायचे. मला कळेल असं त्यांना वाटलं. मला कळायला हवं होतं, मी दुसरीकडे गेलो. किल्लीचा यात काही संबंध नाही. ती तू घेतली असतीस तर त्यांनी तारा जोडून इंजिन चालू केलं असतं आणि तुझ्याशी वर्षभर अबोला धरला असता. फलकावर त्यांचं नाव घालू नकोस. घालायचंच तर खाली एवढं लिही, की अडचणीत असाल तर खरी जागा सांगा."

शेवटचं वाक्य उपदेशासारखं वाटलं. खोडलं. मग पुन्हा लिहिलं.

हे वाचून ती माझं तोंड पाहणार नाही, असंही होईल. किल्लीचं ओझं उतरून तिथे माझा राग येऊन बसेल. बसू दे.

सकाळी टपाल कचेरीपाशी गेलो. पेटीचं झाकण थंडीनं आखडलं होतं, नेट लावून ढकलावं लागलं. पत्र आत पडलं.