नकाशातली बाग

सावळीरामने आयुष्यात दोनदाच पेढे वाटले. एकदा मुलगा समाधान झाला तेव्हा आणि दुसऱ्यांदा नकाशा बघून आला त्या दिवशी. दुसरे पेढे त्याला पुढे जन्मभर कडू लागायचे होते.

नव्वदच्या सुमाराची गोष्ट. नाशिक हाताबाहेर पसरत चाललं होतं. घरं कुठे, कारखाने कुठे, पोरांना कामं कुठे, हे आधीच ठरावं म्हणून सरकारने विकास आराखडा केला आणि त्याचा रंगीत नकाशा ऑफिसच्या भिंतीवर लावला. ज्याला पटत नसेल त्याने मुदतीत लेखी हरकत घ्यायची होती. शहराला लागून असलेल्या मखमलाबादच्या मळेकऱ्यांना एकच घोर लागला, की आपल्या जमिनीवर काय आलं.

सावळीरामची दोन एकर द्राक्षं होती. त्याने आणि बायको कलाबाईने पोटाला चिमटा घेऊन विहीर खणली, मांडव उभा केला. इकडे द्राक्षांच्या मळ्याला नुसतं बाग म्हणतात. माणूस भेटला की तब्येतीआधी बाग कशी आहे ते विचारतात.

नकाशा बघायला तो शेजारच्या निवृत्तीबरोबर गेला. निवृत्तीच्या वावरावर जांभळा रंग होता, म्हणजे कारखाने. त्याचा चेहराच उतरला. सावळीरामच्या गटावर मात्र हिरवा रंग होता आणि त्यात दोनच अक्षरं लिहिली होती: बाग.

"बघ, सरकारनी माझी बाग नकाशात घेतली," सावळीराम म्हणाला. "तू आता कारखान्याचा शेठ हो."

निवृत्तीने हरकत घेतली, ऑफिसात चपला झिजवल्या. सावळीराम पेढे घेऊन घरी आला.

"साहेबाला नीट इचारलं का?" कलाबाईने विचारलं.

"त्यात काय इचारायचं? वाचता येतं मला."

वाचता येत होतं, हेच तर नडलं.

काही वर्षांनी आराखडा मंजूर झाला. ऑक्टोबरची छाटणी उरकून वेलींना कोवळी फूट आली होती, तेव्हा मोजणीवाले आले आणि ओळींच्या मधोमध दगड रोवू लागले.

"अहो, काय करता हे?"

"काका, इथे बाग होणार आहे," त्यांच्यातला एक म्हणाला.

"बाग हायेच की इथं."

मोजणीवाल्याला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. तो हसला. "तशी नाही काका. लोकांची. पोरांना झोपाळे, म्हाताऱ्यांना फिरायला."

सावळीराम मांडवाखालीच बसला. कलाबाई पाणी घेऊन आली, पण त्याने तांब्या तसाच बाजूला ठेवला. डोळ्यांपुढे ती दोन अक्षरं नाचत होती. स्वतःच्या हाताने पेढे वाटून त्याने आपली बाग देऊन टाकली होती. संध्याकाळी निवृत्ती आला. त्याची जमीन हरकतीने सुटली होती. तो नुसता शेजारी बसून राहिला. त्याने टोमणा मारला असता तर सावळीरामला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सावळीराम कलाबाईला आणि समाधानला घेऊन ऑफिसात गेला. तिथला साहेब माणूस वाईट नव्हता. "मुदतीत हरकत का नाही घेतली?" त्याने विचारलं. सावळीराम काय सांगणार? की पेढे वाटत होतो म्हणून?

"मोबदला मिळेल," साहेब म्हणाला. "शिवाय कामाला आधी इथल्याच लोकांना घ्यायचं ठरलंय. तुमच्या मुलाला लावून घेऊ. माळ्याची जागा आहे."

"आम्ही माळीच हाये साहेब," कलाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तिला अजून काही खरंच वाटत नव्हतं.

साहेबाने समाधानकडे पाहिलं. "बागेच्या कामाचा अनुभव आहे ना?"

समाधान हो म्हणणार, तेवढ्यात सावळीरामने त्याचा हात घट्ट धरला.

"साहेब, कोणत्या बागेचा?"