गळालेला ‘ना’

मी एक चूक बोलतेय. नाक मुरडू नका. मी फार मोठी नाही, एका अक्षराएवढीच आहे. पण माझ्यापायी एका घराने नऊ वर्षं डोकेफोड केली. तेव्हा माझंही थोडं ऐकून घ्या.

माणसाच्या प्रत्येक पेशीत एक लांबलचक मजकूर असतो, जनुकांचा. अक्षरं चारच, पण तीच पुन्हा पुन्हा येऊन कोट्यवधी होतात. नवं मूल घडायचं म्हणजे आधी या मजकुराची नक्कल व्हायची. ती तपासायला आत मुद्रितशोधकही असतात आणि कामाला चोख असतात. तरी प्रत्येक बाळात साठ-सत्तर नव्या चुका राहतातच. तुमच्यातही आहेत, उगाच मान ताठ करू नका. बहुतेक चुका कुठेतरी कोपऱ्यात पडून राहतात, जन्मभर कुणाला कळत नाहीत. मी पडले ती नेमकी मेंदूच्या घडणीच्या जनुकात. जिथे ‘पुढे चालू’ असायचं तिथे माझ्यामुळे ‘समाप्त’ झालं. वाक्य अर्ध्यावर तुटलं.

मी जिच्यात राहते तिला घरी घंटी म्हणतात, दिसेल त्या दाराची बेल दाबते म्हणून. वय नऊ, शब्द मोजून चाळीस. चालायला चौथ्या वर्षी लागली, बुटाचे बंद अजून बांधता येत नाहीत. पण घरात कुणाचा चेहरा उतरला की सगळ्यांच्या आधी तिला कळतं. तिचा लाडका खेळ म्हणजे आपल्याच दाराबाहेर जाऊन बेल दाबायची. आईने आतून विचारायचं, कोण आहे? त्यावर घंटी नुसती खिदळते. उत्तर द्यायचं असतं हे तिच्या गावीही नसतं.

तिची आई छापखान्यात मुद्रितशोधक आणि बाबा तिथेच मजकूर जुळवतात. जिच्या हातून साधी वेलांटी सुटत नाही, तिच्याच पोटी मी! आई मनातून स्वतःलाच बोल लावायची. घंटी पोटात असताना सहाव्या महिन्यात ती छापखान्याच्या जिन्यावरून दोन पायऱ्या घसरली होती. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, अगं बाई, मी त्या जिन्याच्या कितीतरी आधीची! पण चुकीचं ऐकतं कोण?

आजीचं, म्हणजे बाबांच्या आईचं, मत ठरलेलं होतं: आमच्याकडे असं कुणी नाही. हे वाक्य ती रक्तदाबाच्या गोळीसारखं दिवसातून दोनदा, वेळेवर घ्यायची.

अखेर आई, बाबा आणि घंटी, तिघांचं रक्त तपासायला गेलं. दवाखान्यातल्या समुपदेशक बाई म्हणाल्या होत्या, निकाल पत्राने कळवते, मग सविस्तर बोलायला या. पत्र आलं. आईने ते उभ्याउभ्या वाचलं, घडी घालून ड्रॉवरमध्ये टाकलं आणि बाबांना एवढंच म्हणाली, “माझ्याकडून आलंय.”

बघा, मी म्हणतच होते, असं आजी म्हणाली खरी, पण का कोण जाणे, आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

पुढचे चार दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. घंटी बाहेर जाऊन बेल दाबायची आणि आई काही न विचारता दार उघडायची. घंटी परत बाहेर जायची, परत दाबायची. बेलच बिघडली असं तिला वाटत असावं.

पाचव्या दिवशी बाबांनी ते पत्र बाहेर काढलं. छापखान्यात एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने तपासायचं अशी रीत. बाबा सवयीने तसेच वाचायला लागले, विरामचिन्हांसकट. “हा बदल आईकडून आलेला ही, स्वल्पविराम, वडिलांकडून आलेला नाही, पूर्णविराम.” मग अडखळले. “आलेला ही? ही काय?”

आईने पत्र ओढून घेतलं. जन्मभर लोकांच्या चुका पकडणारी बाई, आणि स्वतःवर आळ आणणाऱ्या वाक्यातली चूक तिला दिसली नव्हती. मनात जे धरून बसली होती तेच तिने वाचलं होतं.

बाबा म्हणाले, ‘ना’ गळालाय, ‘नाही’ असणार. आजी म्हणाली, ‘आहे’ लिहिताना बोट घसरलं असेल. ‘नाही’ की ‘आहे’ यावरून मायलेकांची जुंपली. मला उत्तर ठाऊक होतं, तरी मी जीव मुठीत धरून बसले होते. आईने दोघांना गप्प केलं.

“अंदाजाने दुरुस्ती करायची नाही. मूळ प्रत बघायची.”

तिने दवाखान्यात फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. समुपदेशक बाईंनी निकाल काढून वाचला. ‘नाही’च होतं. बदल आईच्या रक्तात नाही, बाबांच्याही नाही. नक्कल होताना आपोआप झालेला, कुणी काही केल्याने नाही की करायचं राहिल्याने नाही. पत्रातल्या चुकीबद्दल बिचाऱ्यांनी तीनतीनदा माफी मागितली.

आईने एकच विचारलं, “आणि मी सहाव्या महिन्यात जिन्यावरून पडले होते, ते?”

बाबांनी चमकून तिच्याकडे पाहिलं.

“त्याचा काही संबंध नाही,” बाई म्हणाल्या. “हे त्याच्या कितीतरी आधी होऊन गेलं होतं.”

हेच तर मी नऊ वर्षं कंठशोष करून सांगत होते!

आई रडली, मग हसली, मग दोन्ही एकदम. आजी पदराशी चाळा करत हळूच म्हणाली की तिचा धाकटा भाऊ सात वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता, आणि हे आपल्याच माहेरचं असं तिला इतकी वर्षं वाटत होतं. म्हणून तर ती ‘आमच्याकडे’ वर एवढा जोर द्यायची. घ्या! चूक एक, आणि घरातल्या दोघी तिच्यावर चोरून मालकी सांगत होत्या.

आईने लाल पेन घेतलं आणि ‘ही’च्या आधी खूण करून ‘ना’ भरला. ती माझ्याच जातीची चूक, अर्ध्या मिनिटात मिटली. मला हेवा वाटला. माझ्यावर चालेल असं लाल पेन या घराला अजून मिळालेलं नाही. घंटीच्या बुटाचे बंद उद्याही कुणाला तरी बांधावेच लागतील, खोटं कशाला बोलू? विनंती एवढीच आहे, चूक म्हणायचंच असेल तर मला म्हणा. तिच्या आईला नको, आजीला नको, आणि घंटीला तर मुळीच नको.

तेवढ्यात बेल वाजली. आईने डोळे पुसले आणि चार दिवसांनी पहिल्यांदा आतून विचारलं, “कोण आहे?”

बाहेरून नेहमीचं खिदळणं आलं नाही. जरा वेळाने, ओठ जुळवत जुळवत, घंटी म्हणाली, “मी.”

तो तिचा एकेचाळिसावा शब्द. आणि ती ‘मी’ म्हणजे मी नव्हे, बरं का. ती.