सकाळची गोळी

फौजदाराने अंगठा जिभेला लावला आणि वहीचं आणखी एक पान उलटलं.

"एकही खाडा नाही," तो म्हणाला. "आमच्या हजेरीपटातसुद्धा असं दिसत नाही."

चौकीतल्या टेबलावरची ती वही तिची होती, वडिलांच्या औषधाची. डाव्या रकान्यात सकाळी सहाची गोळी, उजव्यात संध्याकाळी सहाची. डावीकडच्या खुणा तिच्या, लाल शाईतल्या. उजवीकडच्या मावशींच्या, निळ्या. मावशी म्हणजे रुग्णसेवेच्या ब्युरोने पाठवलेली बाई. वडिलांची हाडं कॅन्सरने पोखरली गेल्यावर ती रोज आठला यायची आणि रात्री आठला जायची. आत्ता ती खोलीच्या कोपऱ्यात, भिंतीला टेकवलेल्या स्टुलावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. वडील जाऊन बावीस दिवस झाले होते.

"म्हणजे असं बघा," फौजदार म्हणाला. त्याला सर्दी झाली होती. बोलताना मधेमधे तो रुमाल शोधत होता. "तुमच्या वसाहतीत महिन्याभरात दोन माणसं गोळ्यांपायी गेली. बागेमागे कोण विकतं, कुठून आणतं, सगळे आम्हालाच विचारतात. म्हणून घरोघर झडती घेतली. आणि ड्रायव्हरच्या घरी काय सापडावं? एक्केचाळीस गोळ्या मॉर्फिनच्या. टॉर्चमधले सेल काढून त्या जागी भरलेल्या. आता सरळ माणूस औषध टॉर्चमध्ये ठेवतो का? बॅच नंबर काढला, तर गोळ्या हॉस्पिटलने तुमच्या वडिलांना दिलेल्या. म्हातारा दोन दिवस कोठडीत बसलाय, पण तोंडातून ब्र काढत नाही."

ड्रायव्हरकाका शेजारच्या ओळीतले. तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. रोज सकाळी ती गेल्यावर वर्तमानपत्र घेऊन यायचे आणि वडिलांना वाचून दाखवायचे, एवढं तिला मावशींकडून ठाऊक होतं. तिची त्यांची गाठ जिन्यात पडायची. तेही क्वचितच.

"तुमच्या गोळ्या तुम्ही स्वतः दिल्या. म्हणजे राहिल्या त्या यांच्या." त्याने कोपऱ्याकडे न बघता पेनचं टोक तिकडे वळवलं. "पेशंट गुंगीत. गोळी दिली म्हणायचं, खूण करायची, आणि गोळी पदरात. मग ड्रायव्हरला विकायची, तो पुढे बागेमागे. तुमचा जबाब तयार आहे. सही केलीत की यांना आजच अटक दाखवतो."

"मी जीभ वर करून बघायची, साहेब," मावशी म्हणाली. हे तिने बहुतेक दहाव्यांदा सांगितलं असावं. आवाजात काही उरलं नव्हतं. "ब्युरोत शिकवलंय आम्हाला. गोळी, पाणी, मग आ करा, जीभ वर करा. विचारा ताईंना. बाबा चिडायचे माझ्यावर."

खरंच चिडायचे. 'ही बाई मला बाजारातल्या घोड्यासारखे दात दाखवायला लावते,' असं ते एकदा रात्री म्हणाले होते, आणि ती हसली होती.

तिने जबाब वाचला. टाईप करणाऱ्याने बऱ्या भाषेत लिहिला होता. 'सकाळच्या गोळ्या मी स्वहस्ते दिल्या असून वडिलांनी त्या माझ्यासमक्ष गिळल्या आहेत.' तिने पेन हातात घेतलं. मग तेच वाक्य पुन्हा वाचलं.

ती एका मोठ्या कचेरीच्या जावक खिडकीवर काम करायची. पाकीट खिडकीतून बाहेर गेलं की वहीत खूण करायची. ते पोचलं की नाही, हे बघणारं खातं वेगळं. अठरा वर्षं तिने असंच केलं होतं आणि तिच्या वहीत कधी चूक निघाली नव्हती. घरी सकाळी सहाला ती बशीत गोळी ठेवायची, शेजारी पाण्याचा पेला ठेवायची आणि खूण करायची. वडील म्हणायचे, "ठेव, घेतो." मग ती डबा भरायला जायची.

"हे खरं नाही," ती म्हणाली.

"काय?"

"माझ्यासमक्ष गिळल्या, हे. मी ठेवायची फक्त. घेताना बघितलं नाही."

"एकदाही?"

"नाही."

फौजदाराने रुमाल काढून नाक पुसलं. "ताई, नीट विचार करून बोला. मावशी जीभ वर करून बघत होत्या म्हणतात, आणि तुम्ही बघत नव्हता. मग गोळ्या गेल्या त्या तुमच्या रकान्यातून. म्हणजे तुमच्या वडिलांच्या हातून. मला तसं लिहावं लागेल. गेलेल्या माणसाचं नाव विक्रीच्या केसमध्ये येणार. वसाहतीत काय बोलतील लोक? वसाहतीचे सेक्रेटरी तर आजच तोंड उघडून बसलेत."

"तसं लिहा."

तिने स्वतःच त्या ओळीवर रेघ मारली आणि वर लिहिलं: 'गोळी ठेवल्यावर मी खूण करत असे.' मावशीने पिशवीचे बंद मुठीत घट्ट धरले आणि सोडले. कुणी तिच्याकडे बघितलं नाही.

"म्हाताऱ्याला आणा," फौजदार दारातल्या शिपाईबाईला म्हणाला. "समोरासमोर होऊन जाऊ दे."

ड्रायव्हरकाका आले. दाढी वाढली होती, पायात चपला नव्हत्या. तिला बघून ते दारातच थबकले आणि परत जायला वळले. शिपाईबाईने त्यांना खांद्याला धरून आत घेतलं.

"बसा, काका," फौजदार म्हणाला. "तुमचं काम हलकं झालं. तुमच्या मित्राने तुम्हाला गोळ्या विकल्या, असं लिहितोय आम्ही. मुलीनेच सांगितलं."

"विकल्या?" दोन दिवसांत त्यांनी उच्चारलेला तो पहिला शब्द असावा. घसा खरखरत होता. "त्यांनी? अहो, तो माणूस रद्दीसुद्धा फुकट द्यायचा!"

"मग तुमच्याकडे कशा आल्या?"

काकांनी तिच्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. "हिला सांगणार नाही असा शब्द दिलाय. हिला बाहेर पाठवा, मग सांगतो."

"ती जाणार नाही," फौजदार म्हणाला.

"नाही जाणार," ती म्हणाली. "सांगा, काका."

 बाहेर कुणीतरी मोटारसायकल चालू करायचा प्रयत्न करत होतं.

"ती सकाळची गोळी घेतली ना, पोरी, की सातपासून त्यांचा डोळा लागायचा तो दुपारपर्यंत. आणि तू निघायचीस आठला. ते म्हणाले, पोर दिवसभरात एवढीच काय ती माझ्या वाट्याला येते, आणि नेमका तेव्हाच मी घोरत असतो. म्हणून घ्यायचे नाहीत. मुठीत धरून ठेवायचे. मी आलो की मला द्यायचे. गटारात टाक म्हणायचे."

"मग मी गेल्यावर..." ती म्हणाली.

"मीही तेच म्हटलं. ती गेली की घ्या. तर म्हणाले, मग बारा तासांच्या हिशोबाने संध्याकाळचीही पुढे ढकलावी लागेल, मावशी विचारतील, आणि पोरीच्या वहीत खाडाखोड होईल. ती वही खराब करायची नाही. पक्के होते त्या बाबतीत."

मावशीने तोंडावर हात धरला. तिने मात्र आपल्या लाल खुणांकडे बघितलं. शेवटच्या महिन्यात डॉक्टरांनी विचारलं होतं, एवढ्या डोसवर इतकं दुखायला नको, गोळ्या वेळेवर घेतात ना? तिने उत्तर म्हणून वही उघडून दाखवली होती. जरा ताठ्यातच.

"गटारात का नाही टाकल्यात?" फौजदाराने विचारलं.

"हात धजेना," काका म्हणाले. "माझी बायको वर्षभर कण्हत होती, साहेब. तेव्हा हीच गोळी मिळावी म्हणून मी दोन हॉस्पिटलं पालथी घातली. मिळाली नाही. ती गटारात कशी टाकू? घरात नातवंडं आहेत, म्हणून टॉर्चमध्ये ठेवली."

फौजदाराने वही पुन्हा ओढून घेतली. शेवटच्या लाल खुणेपासून मागे बोट सरकवत तो मोजत गेला. एक्केचाळिसाव्या खुणेवर थांबला. तारीख बघितली.

"तुम्ही त्यांच्याकडे कधीपासून जायला लागलात?"

"त्यांना बसता येईनासं झालं तेव्हापासून. तुमचं बोट आहे त्या तारखेपासून."

"एकही विकली नाही म्हणजे."

"कुणाला विकणार?"

"तरी बाळगणं हा गुन्हाच आहे, काका. कोर्टात जावं लागेल. पण विक्रीचं कलम काढतो." त्याने कोपऱ्याकडे बघितलं, या वेळी नीट. "मावशी, तुम्ही जा घरी."

मावशी उठली. जाताना तिने ताईंच्या खांद्यावर हात ठेवला, नुसता टेकवला, आणि गेली. फौजदार नवा कागद घेऊन लिहायला बसला. शिपाईबाई चहा सांगायला बाहेर गेली.

काका खुर्चीच्या कडेवर बसले होते.  तिला त्या सकाळी आठवत होत्या, पण बोलणं आठवत नव्हतं. केस बांधता बांधता, डबा भरता भरता, पर्समध्ये किल्ली शोधताना ती पाठमोरी काहीबाही बडबडायची, ऑफिसातलं, बहुतेक तक्रारीच. त्यात सांगण्यासारखं काही नसायचं.

"एक विचारू?" काका म्हणाले. "ते तुमच्या ऑफिसातलं कबूतर, त्याची बदली झाली का शेवटी?"

"कोण?"

"ते नाही का, चौथ्या मजल्याचं टपाल दुसऱ्यावर नेऊन टाकणारं. साहेबांची रजेची चिठ्ठी साहेबांच्याच सासऱ्यांना पाठवली होती ना त्याने. रोज मला सांगायचे, वर्तमानपत्र नंतर, आधी कबुतराचं ऐका म्हणून. हसताना कळ यायची त्यांना, तर उशी पोटाशी धरून हसायचे. शेवटी बदलीचं चाललंय म्हणाले होते. मग ते गेलेच. पुढचं काही कळलं नाही."

कबूतर हे नाव तिने ठेवलेलं नव्हतं. ऑफिसात त्या माणसाला कुणीच असं म्हणत नव्हतं.

चहा आला. शिपाईबाईने एक कप काकांच्या हातात दिला, एक तिच्यापुढे ठेवला.

"नाही झाली," ती म्हणाली. तिने खुर्ची काकांकडे वळवली. "अजून आहे. सोमवारी काय केलं त्याने, सांगते."